पॅकिंगताईचा राग

आमच्या वर्कशॉपमध्ये मोठ्याने ओरडायची मुभा एकाच व्यक्तीला होती, आणि ती म्हणजे माझी आत्या. गिऱ्हाईक असो, सुटे भाग पोचवणारा असो, नाहीतर खुद्द माझे बाबा असोत, आत्याचा पारा चढला की सगळे चिडीचूप. बाहेरचे लोक तिला पॅकिंगताई म्हणायचे. इंजिनाचे दोन भाग जिथे एकमेकांवर बसतात तिथून तेल बाहेर येऊ नये म्हणून मध्ये कागदाचं, बुचाचं किंवा रबराचं अस्तर घालतात. त्याला आमच्या धंद्यात पॅकिंग म्हणतात. ते कापायचं आणि बसवायचं काम आत्याचं. जुन्या इंजिनांची पॅकिंगं बाजारात मिळायची बंद झाली होती, पण आत्याला त्याचं काही नव्हतं. जाड कागद इंजिनाच्या कडेवर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने हलके हलके ठोके देत पुढे सरकायचं. खालची लोखंडी कडच कागद कापत जाते. बोल्टच्या भोकावर बेअरिंगमधली गोळी ठेवायची आणि एकच टोला. भोक तयार.

हे तिला आजोबांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, शाळा सुटली की बाबा खेळायला पळायचे आणि आत्या आजोबांच्या बाकाशी बसून राहायची. पुढे तिचं लग्न झालं आणि काही वर्षांत ती एक ट्रंक घेऊन परत आली. का आलीस म्हणून आजीने विचारलं, तेव्हा म्हणाली, "तिकडे ओरडायची सोय नव्हती." त्यावर पुन्हा कुणी काही विचारलं नाही. आजोबा गेले आणि वर्कशॉप बाबांच्या नावावर झालं. का, ते सांगायला नको. मुलगा होता, मिळालं. आत्याने त्या दिवशीही भांडण काढलं, पण आजी रडायला लागली आणि तो विषय तिथेच पुरला गेला. पुरला म्हणजे मेला नाही.

बाबांचा स्वभाव अगदी उलटा. जिभेवर साखर. येईल त्याला खुर्ची, चहा, आणि कुठल्याही कामाला एकच उत्तर, "होऊन जाईल." बाजारात त्यांना 'होऊनजाईल शेठ' म्हणायचे आणि बाबांना ते कौतुक वाटायचं. माणूस मनाने वाईट नव्हता. वाईट असता तर आत्याला इतकी वर्षं इतकं जळावं लागलं नसतं. मी काउंटरवर बसायचे. पुढे बाबांचं "होऊन जाईल" आणि मागून आत्याचं "कसं होऊन जाईल? कोण करणार आहे?" हे ऐकतच माझे दिवस जायचे.

खाली नदीवर पूल नव्हता. पलीकडे जायला एक फेरीबोट होती. पलीकडच्या गिरणीचे कामगार, भाजीवाल्या, दवाखान्यात जाणारे, सगळे त्याच बोटीने. बोट चालवणाऱ्याला सगळे तांडेल म्हणायचे. काळा, ठेंगणा, बोलायला आखडू. एके सकाळी तो वर्कशॉपमध्ये आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "ताई, इंजिनातून धूर येतोय. वास जळक्या तेलाचा आहे. मालक म्हणतो जुनं इंजिन आहे, येणारच. मला पटत नाही."

आत्याने हत्यारांची पिशवी उचलली. मीही गेले, कारण काउंटरवर तेव्हा बाबा होते.

इंजिन बोटीच्या मधोमध लाकडी पेटाऱ्यात होतं. झाकण उघडलं तर इंजिनाच्या एका अंगाने तेलाचा काळा ओघळ. इंजिनाच्या डोक्यावर टोपीसारखं पत्र्याचं कव्हर असतं, टॅपेट कव्हर. तेल त्याच्या कडेतून पाझरत होतं आणि बरोबर खाली होता एक्झॉस्टचा पाइप. चालत्या इंजिनात तो तव्यासारखा तापतो. तेलाचा थेंब त्यावर पडायचा आणि चुर्र करून धूर व्हायचा.

"आज थेंब आहे म्हणून धूर आहे," आत्या म्हणाली. "उद्या धार लागली तर जाळ होईल. बोट बंद ठेव."

तिने कव्हर काढून वर्कशॉपमध्ये आणलं. तिच्याकडे जाड काचेचा एक सपाट तुकडा होता, त्यावर पालथं ठेवलं. कडेखालून एका बाजूने चक्क उजेड दिसत होता. कुणीतरी बोल्ट जीव खाऊन आवळले होते आणि पत्र्याची कड वाकली होती. आतलं बुचाचं पॅकिंग वाळून कडक झालेलं, दोन ठिकाणी तुटलेलं. आत्याने तिथल्या तिथे ज्याने कुणी ते आवळलं होतं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग बाबांना स्पष्ट सांगितलं, "कड ठोकून सरळ करायची आहे, जुना चिकटा खरवडायचाय, नवं पॅकिंग कापायचंय. उद्या दुपारी बसवते. तोवर याला कुणी हात लावायचा नाही."

"होऊन जाईल," बाबा म्हणाले.

"तुला करायचं नाहीये. मला करायचंय."

त्या दुपारी आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. आत्याच न्यायची, कारण बाबांना दवाखान्याचा वास सहन होत नव्हता. ती गेली आणि फेरीबोटीचा मालक आला. पलीकडे गिरणीची पाळी सुटणार, माणसं धक्क्यावर खोळंबलीत, लोक मला शिव्या घालतायत, असं त्याने सुरू केलं. बाबांनी चहा मागवला. मालकाने चहा घेतला आणि म्हणाला, "शेठ, तुम्ही एवढे जाणकार. एक कव्हर बसवायला उद्या कशाला?"

बस्स. जाणकार म्हटल्यावर बाबांचा विषयच संपला. त्यांनी आत्याच्या बाकावरून ते कव्हर उचललं. तुटलेल्या पॅकिंगचे तुकडे परत खाचेत जुळवले. कड ठोकली नाही, तेल धुतलं नाही. एका कळकट चिंधीने पुसल्यासारखं केलं. मग सिलिकॉनची ट्यूब घेऊन भिंतीला लांबी भरावी तसा आतून बाहेरून थर लावला.

"बाबा, आत्याने हात लावू नका सांगितलंय," मी म्हणाले. "आणि सिलिकॉन तेलावर धरत नाही. वाळायलाही वेळ लागतो."

"तुझी आत्या सोनाराचं काम करते," ते हसून म्हणाले. "हे लोखंड आहे. होऊन जाईल."

ते मालकाबरोबर धक्क्यावर गेले, कव्हर बसवलं, बोल्ट आवळले आणि अर्ध्या तासात हात पुसत परत आले. तांडेलने त्यांना विचारलं होतं, ताई कुठे आहेत? बाबांनी सांगितलं, तिनेच पाठवलंय. हे आम्हाला नंतर कळलं, आणि आत्या सगळ्यात जास्त कशावर भडकली असेल तर या वाक्यावर.

आत्या परत आली ती आजीला घरी सोडून थेट बाकाशी. काच मोकळी होती.

"कव्हर कुठंय?"

बाकावर सिलिकॉनची पिळून काढलेली ट्यूब पडली होती. आत्याने ती हातात घेतली, बाबांकडे पाहिलं, आणि पायात चप्पल आहे की नाही हेही न बघता धक्क्याच्या उताराने पळत सुटली. मी तिच्या मागे.

बोट भर पात्रात होती, गच्च भरलेली. आत्या धक्क्याच्या कडेला उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडत होती, "इंजिन बंद कर! बंद कर इंजिन!" इंजिनाच्या आवाजात तिकडे काय ऐकू जाणार? आयुष्यभर जिच्या आवाजाला गल्ली घाबरली, तिचा आवाज त्या दिवशी पाण्यावर विरून गेला. आधी पांढरा धूर दिसला. मग काळा. मग पेटाऱ्याच्या फटीतून जाळ.

पुढचं आम्ही काठावरून पाहिलं आणि बाकीचं बोटीतल्या बायकांकडून ऐकलं. तांडेलने माणसांना दोन्ही टोकांना ढकललं. कुणी उडी मारू नका म्हणून दरडावलं. पेटाऱ्याचं झाकण लाथेने उडवलं. डिझेल बंद करायची चावी आत, तापलेल्या पाइपाच्या शेजारी. ती फिरवल्याशिवाय आग विझणार नव्हती. त्याने जाळात हात घातला. चावी तापून लाल झाली असणार. उजव्या हाताने धरवेना म्हणून डावाही घातला, आणि फिरवली. मग लोकांनी ओली पोती टाकली. मासे धरणाऱ्यांच्या होड्यांनी बोट ओढून काठाला आणली.

माणसं सगळी सुखरूप. तांडेलचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर मालक सांगत होता, तांडेल इंजिनापाशी सिगरेट ओढत होता. तांडेल सिगरेट ओढायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते लगेच चिकटलं. वर्कशॉपमध्ये येऊन मालकाने बाबांनाही तेच ऐकवलं. "सिगरेटचंच काम, काय शेठ?"

बाबा पाना पुसत होते. खाली बघत म्हणाले, "असेल."

मी तिथे होते. त्या एका शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी काही बोलायच्या आतच दारातून काहीतरी येऊन काउंटरवर आदळलं. टॅपेट कव्हर. आत्या सकाळीच बोटीवर जाऊन ते उतरवून घेऊन आली होती. त्याच्या एका कडेतून पॅकिंगचा तुकडा कुत्र्याच्या जिभेसारखा बाहेर लोंबत होता. तेलाच्या दाबाने तो बाहेर ढकलला गेला होता आणि मागून धार लागली होती. जळक्या बाजूला सिलिकॉनचा कोळसा झाला होता. पण ज्या बाजूला आग पोचलीच नव्हती तिथे आत्याने नखाने थर उचकटला. आतून अजून चिकट होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"ताई, हळू. लोक आहेत."

"लोकांनाही बघू दे. हे काय आहे?"

मालक चहा अर्धा टाकून सटकला. बाबा म्हणाले, "अगं, घाई होती. माणसं खोळंबली होती. माझा काय वाईट हेतू होता का?"

"हेतू तेल अडवतो का? मी नको म्हटलं होतं. वर त्या माणसाला माझं नाव सांगितलंस! माझं नाव ऐकून तो बोटीवर चढला. माझ्या नावावर त्याने माणसं भरली!"

दुपारी घरी हेच भांडण आजीसमोर गेलं. बाबा पानावर बसून भात चिवडत राहिले. आजीच्या एका डोळ्यावर पट्टी होती. ती म्हणाली, "झालं ते झालं. कोणी मेलं नाही ना? आता चव्हाट्यावर नेऊ नकोस. तुझ्या पाठचा भाऊ आहे तो."

"पाठचा आहे म्हणून पाठीशी घालू?"

"मग काय त्याचं नाक कापणार?"

"तांडेलचे हात गेले, आई. आणि तू नाकाचं घेऊन बसलीस!"

आत्या बाबांकडे वळली. "मालक त्याला काढायला निघालाय. धक्क्यावर माणसं बोलावलीत, सगळ्यांसमोर त्याच्यावर ठपका ठेवणार आहे. तू तिथे येणार आणि आपल्या तोंडाने सांगणार. नाही आलास तर मी सांगेन, आणि मी कशी सांगते ते तुला माहितीय."

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. धक्क्यावर फेरीने जाणारे-येणारे जमले होते, होडीवाले होते, आणि तांडेलची बायको एका पिंपाला टेकून उभी होती. नवरा इस्पितळात होता. त्याच्या वतीने बोलायला ती एकटीच. मालकाने सिगरेटची कथा पुन्हा सांगितली, या वेळी थोडी लांबवून. मग बाबांनी घसा साफ केला.

"हे बघा मंडळी," ते त्यांच्या त्या गोड आवाजात म्हणाले, "सगळं तांडेलवर ढकलणं बरं नाही. थोडीफार चूक आमच्या वर्कशॉपकडूनही झाली असावी. पॅकिंगच्या कामात कधीकधी होतं असं."

सगळ्या माना आत्याकडे वळल्या. वळणारच. आमच्या वर्कशॉपमध्ये पॅकिंग म्हणजे कोण, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाबा खोटं एक अक्षर बोलले नव्हते आणि तरी सगळं तिच्या गळ्यात घातलं होतं. तांडेलच्या बायकोने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला आजही सहन होत नाही.

आत्या बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं ही आता हात उचलणार. पण ती ओरडली नाही. मी तिला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आमच्या नाही. कोणाच्या, ते सांग."

"ताई..."

"कव्हर कोणी बसवलं?"

बाबा इकडेतिकडे पाहू लागले.

"मी बोट बंद ठेवायला सांगितली होती की नव्हती? तुटकं पॅकिंग परत कोणी घातलं? तेलावर सिलिकॉन कोणी फासलं? मी पाठवलंय असं कोणी सांगितलं?"

"मी," बाबा पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"मी! मीच केलं सगळं! झालं समाधान?" बाबा किंचाळले. त्यांचा साखरेचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा फाटला.

"माझ्या समाधानाचा प्रश्न नाही," आत्या म्हणाली आणि मालकाकडे वळली. "आणि तुम्ही. चहा पिऊन घाई तुम्ही केलीत. सिगरेट तुम्हीच पेटवलीत, तीही नंतर, आपल्या तोंडात."

गर्दीतून कोणीतरी हसलं. मग भाजीवाल्या सुरू झाल्या. ज्याने आपल्याला वाचवलं त्याला हा काढायला निघालाय, उद्यापासून याच्या बोटीत कोण बसतं बघू, असा एकच गलका झाला. मालकाने तांडेलला काढलं नाही. काढायची सोयच राहिली नव्हती.

आता लोकांना वाटेल, आत्याचा राग इथे शांत झाला असेल. छे. ती त्याच संध्याकाळी इस्पितळात गेली. मी बरोबर होते. तांडेल पाठीला उशी लावून बसला होता, दोन्ही हात पांढऱ्या गुंडाळ्यांत. बायकोने त्याला सगळं सांगितलं होतं. आत्याने काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "भांडलात म्हणे माझ्यासाठी."

"खरं ते सांगितलं."

"सांगितलंत, बरं झालं. पण ताई, तुमचं घर, तुमचं वर्कशॉप, तुमचं भांडण. हात माझे गेले. तुमचं नाव ऐकून मी इंजिन सुरू केलं होतं. आता तुम्ही जा."

आत्या उठली आणि निघाली. बाहेर आल्यावर इस्पितळाच्या भिंतीवर तिने अशी मूठ आपटली की बोटांची सालं गेली. "त्याच्यावर रागवायचीही जागा ठेवली नाही मला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने वर्कशॉप सोडलं. हातोडी, गोळ्यांची डबी आणि काच एका पोत्यात भरली. बाबा काउंटरमागे उभे होते, म्हणाले, "ताई, एवढं कशाला? होऊन..." आणि मधेच थांबले. आत्याने वळून पाहिलंही नाही. धक्क्याच्या वाटेवर टायरवाल्याच्या शेजारी एक बंद टपरी होती, ती तिने उघडली. महिन्याभरात मीही तिकडे गेले. बाबा माझ्याशी बोलायचे, पण जेवताना, मीठ दे, पाणी दे, एवढंच. आत्याचं नाव घरात निघत नव्हतं. आजी मात्र रोज दुपारी काठी टेकत टपरीवर यायची, लेकीला चार शब्द सुनवायची, चार ऐकायची आणि बरं वाटून घरी जायची.

बोटीचं इंजिन शेवटी आत्यानेच दुरुस्त केलं. मालकाने दुसरीकडे विचारून पाहिलं होतं. त्या इंजिनाचं पॅकिंग कोणाकडे नव्हतं. त्याला यावं लागलं. आत्याने कड सरळ केली, काचेवर चारचारदा पाहिली, चिकटा खरवडला, पेट्रोलने धुऊन कोरडं केलं, बुचाचं नवं पॅकिंग कापून बसवलं, बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला थोडेथोडे आवळत नेले. मालक म्हणाला, "वरून जरा सिलिकॉन मारा ना, खात्रीला." आत्याने त्याला टपरीच्या पायरीवरून खाली उतरायला लावलं आणि काम पुरं होईपर्यंत उन्हात उभं केलं.

तांडेल बऱ्याच महिन्यांनी कामावर आला. डावा हात बरा झाला होता. उजव्याची बोटं आखडली ती आखडलीच, मूठ वळत नव्हती. इंजिनाचा वेग कमी-जास्त करायचा दांडा बारीक होता, बोटांत धरायचा. त्याला तो धरता येईना. तो डाव्या हाताने दांडा धरायचा आणि सुकाणू उजव्या कोपराने रेटायचा. आत्याने हे धक्क्यावरून पाहिलं. कोणाला न विचारता एके दिवशी दुपारी, बोट रिकामी असताना, तिने दांड्याच्या टोकाला नुसत्या तळव्याने ढकलता येईल असा रुंद पट्टा वेल्डिंग करून बसवून घेतला.

तांडेल आला, पट्टा पाहिला आणि भडकला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणीच नाही."

"मग? मी पांगळा आहे का?"

"पांगळा नाहीस, आडमुठा आहेस. कोपराने बोट चालवतोस. माणसं बुडवशील."

"मी बुडवीन? मी?"

"ढकलून तर बघ आधी! जड जातोय का, ते सांग."

त्याने तळवा टेकवून दांडा पुढे ढकलला, मागे ओढला. पुन्हा ढकलला.

"मागे ओढताना अडकतोय," तो गुरकावला.

"कुठे अडकतोय? दाखव." आत्या चप्पल काठावरच टाकून बोटीत उतरली, दांड्याशी वाकली आणि दोघं एकमेकांवर खेकसत कामाला लागले. बोटीत बसायला आलेल्या भाजीवाल्या टोपल्या खाली ठेवून थांबून राहिल्या.